तिसरी पिन

पेट्रोलवरची स्कूटर बंद पडली की चार माणसं आपोआप जमायची. किकचा तो कोरडा, दमलेला आवाज लागोपाठ ऐकू आला की शेजारीपाजारी बनियनवरच, चहाचा कप हातात घेऊन खाली उतरायचे. 'चोक दिलाय का?' हा पहिला प्रश्न, 'रिझर्व्हला लावून बघा' हा दुसरा. मग कुणीतरी अधिकारवाणीनं 'आडवी करा' म्हणायचं आणि गाडी एका अंगावर कलती करून, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरायची वाट बघत सगळे गंभीर चेहऱ्यानं उभे राहायचे. तेवढ्यानं नाही भागलं तर प्लग. तो काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारायची आणि डोळ्याजवळ नेऊन 'कचरा आला होता' असं जाहीर करायचं. 1972 साली आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडली तेव्हापासून पुण्यातल्या निदान दोन पिढ्या या विद्येत तरबेज झाल्या. गाडी सुरू झाली की श्रेय शेवटची किक मारणाऱ्याला मिळायचं, मग आधीच्या तिघांनी कितीही घाम गाळलेला असो.

2020 साली तेच नाव विजेवरच्या गाडीला लागलं. एव्हाना तर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या प्रत्येक सिग्नलला दिसतात. धूर गेला, आवाज गेला आणि त्याबरोबर ती चार माणसंही गेली. कारण विजेवरची स्कूटर चार्ज होत नाही तेव्हा काहीच होत नाही. वास येत नाही, ठिणगी दिसत नाही, आडवी करून उपयोग नाही. रात्री लावलेली वायर सकाळी तशीच असते आणि डिस्प्लेवरचा आकडा रात्री होता तोच असतो. बंद पडलेल्या जुन्या गाडीला निदान लाथ मारता येत होती. ती सोय कंपनीनंच किक म्हणून दिलेली होती.

आमच्या घरी अशी स्कूटर बायकोची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीत काही खोट नव्हती आणि तरी ते नाव तुमच्या डोक्यात उगाच खोट म्हणून बसेल. एका रात्री खालच्या पार्किंगमधल्या सॉकेटला तिनं चार्जर लावला, तर हिरव्या दिव्याऐवजी लाल दिवा डोळे मिचकावत राहिला. पिन टॉप काढून पुन्हा बसवला, बटण बंद-चालू केलं. लाल ते लालच.

चार्ज न होण्याची कारणं तशी पुष्कळ असतात, आणि त्यातली बरीचशी साधी असतात. उन्हातून दामटून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावली तर आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारा तो छोटा सर्किट बोर्ड, चार्जिंग अडवून धरतो. लिथियमच्या सेलना साधारण पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज झालेलं मानवत नाही. शून्याच्या खालीही मानवत नाही, पण ती काळजी पुण्यानं करायचं कारण नाही. गाडी महिनोन्महिने नुसती उभी राहिली की बॅटरी इतकी खाली जाते की बीएमएस तिला झोपवून टाकतो आणि मग नेहमीचा चार्जर तिला उठवू शकत नाही. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना कळकतात. चार्जरचा फ्यूज उडतो. आणि उंदीर. आमच्या वॉचमनमामांचं निदान गाडीकडे न बघताच तयार होतं, 'उंदीर असंल.' लिफ्ट अडकली तरी मामांना उंदीरच सुचतो आणि तो अंदाज अधूनमधून बरोबर निघतो म्हणून त्यांचा आत्मविश्वास शाबूत आहे.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. हेल्पलाइनवरच्या मुलीनं गोड आवाजात वाहन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. भाच्यानं नागपूरहून विचारलं, 'अॅप अपडेट केलंय का?' सॉकेटमध्ये वीज आहे की नाही ते बघायला मी मोबाइलचा चार्जर लावला, तर मोबाइल झकास चार्ज होऊ लागला. झालं, सॉकेट निर्दोष ठरलं. या चाचणीवर महाराष्ट्रातली किती सॉकेटं निर्दोष सुटली असतील कोण जाणे. मोबाइलच्या चार्जरला पिना दोन. तो फक्त दोन गोष्टी विचारतो आणि दोन्हींची उत्तरं आमच्या सॉकेटकडे होती. तिसरी गोष्ट त्याला विचारायचीच नसते.

सर्व्हिसचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. अगदी सभ्य पोरगा. सीटखाली वायर जोडून स्क्रीनवर भराभर आकडे काढले आणि म्हणाला, 'सर, गाडी ओके आहे. लाइनचा प्रॉब्लेम आहे.' तो गेल्यावर सोसायटीच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं कानावरचा टेस्टर काढून सॉकेटच्या उजव्या भोकात घातला, आतला निऑन लालभडक पेटला. 'काका, लाइन ओके आहे. गाडीचा प्रॉब्लेम असणार.' विजेच्या धंद्यात हे फार जुनं आहे. खांबापासून घरापर्यंत जो तो आपापल्या तुकड्यापुरता निर्दोष असतो आणि दोष कायम पुढच्या नाहीतर मागच्या तुकड्यात असतो. 'लाइट मागूनच गेलीय' या वाक्यावर तर आख्खा महाराष्ट्र अंधारात शांत बसतो. मागून म्हणजे कुठून, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

तोडगा बायकोनं काढला. उरलेल्या चार्जिंगवर ती गाडी आणि चार्जर घेऊन सरळ बाणेरला बहिणीकडे गेली. तिथली इमारत नवी, पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीला स्वतंत्र सॉकेट. चार्जर लावल्याबरोबर हिरवा दिवा. पोहे आणि गप्पा होईस्तोवर गाडी पोटभर जेवली. म्हणजे गाडीही ठीक आणि चार्जरही ठीक. फक्त आमच्या सोसायटीतलं तिला चालत नव्हतं. माझ्या वडिलांची एक आत्या होती. सोवळं कडक. लग्नाकार्याला गेली तरी आधी विहीर कुठली, पाणी कुणी भरलं, पातेलं कशात घासलं, एवढी चौकशी झाल्याशिवाय पानावर बसायची नाही, आणि उत्तर पटलं नाही तर मुकाट्यानं दोन केळी खाऊन राहायची. रागवायची नाही, कारणही सांगायची नाही. समोरच्यानं काय ते ओळखायचं. ही स्कूटर थेट तिच्या वळणावर गेली होती.

बायकोनं बाणेरहून फोनवरच सांगितलं, 'अहो, त्या इलेक्ट्रिशियनला अर्थिंग बघायला सांगा.'

आता त्या तिसऱ्या पिनेबद्दल. आपल्या पिन टॉपची वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की घालताना तिनं आधी टेकावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं. जाड अशासाठी की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. ब्रिटिशांच्या जुन्या गोल पिनांच्या पद्धतीवरून आलेली ही रचना, इतका विचार करून केलेली, आणि आपण तिचं काय केलं? दोन पिनांचा प्लग तीन भोकांच्या सॉकेटात बसेना म्हणून वरच्या भोकात पेन खुपसून आतलं झाकण उघडायला शिकलो. घरोघरी लहान मुलांनाही ही कला येते. वरचं भोक म्हणजे खालची दोन भोकं उघडायची किल्ली, असाच आपला समज.

खरं तिचं काम वेगळं आहे. वीज फेजनं येते, काम करते आणि न्यूट्रलनं परत जाते; सगळं सुरळीत असेल तर तिसऱ्या वायरीत काही नसतं. पण एखाद्या वायरीचं आवरण विरलं, यंत्राच्या पत्र्याला वीज लागली, तर तिला जमिनीत जायला वाट हवी. वाट नसेल तर ती पत्र्यावर थांबते आणि कुणीतरी हात लावायची वाट बघते. शिवाय चार्जर, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन यांच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं एक टोक पत्र्याला जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल तर धडधाकट यंत्राचा पत्रासुद्धा शंभर-सव्वाशे व्होल्टांवर तरंगत राहतो. त्यातून वाहणारा करंट नगण्य असतो, माणूस मरत नाही, नुसत्या झिणझिण्या येतात. स्कूटरचे काही चार्जर हे सगळं आधी तपासून घेतात आणि अर्थिंग मिळालं नाही तर पुढे सरकत नाहीत. फ्रिज, मिक्सर, इस्त्री यांच्यापाशी ही अक्कल नाही. ती गरीब बिचारी मिळेल त्यावर चालतात.

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी टेस्ट लॅम्प घेऊन आला. टेस्ट लॅम्प म्हणजे एका होल्डरला साधा पिवळा बल्ब आणि दोन वायरी. मल्टिमीटर त्याच्या पिशवीत होता, पण जीव या बल्बावर. फेज आणि न्यूट्रलला वायरी लावल्या, बल्ब लख्ख. मग न्यूट्रलवरची वायर काढून वरच्या भोकात घातली. बल्ब ढिम्म. त्यानं बल्ब फिरवून घट्ट केला, पुन्हा लावला. ढिम्म. मग बोर्ड उघडला. आत हिरवी वायर होती, पण स्क्रूला लावलेली नव्हती. टोक व्यवस्थित दुमडून, वर इन्सुलेशन टेपची टोपी घालून मागे सारलेली होती. ज्यानं कुणी ते केलं त्यानं मन लावून केलेलं होतं. ती वायर जोडली तरी बल्ब लागेना, म्हणून मीटर रूममध्ये शोध घेतला. तिथून अर्थिंगची लोखंडी पट्टी भिंतीच्या कडेनं जमिनीकडे गेलेली होती आणि जमिनीपाशी तिचा नुसता गंजका भुगा उरला होता.

'काका, खड्डा शोधायच्या भानगडीत पडू नका,' तो आवाज खाली आणून म्हणाला. 'बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थिंगला एक तुकडा मारून देतो. गाडी लगेच चार्ज होईल.'

'आणि न्यूट्रल कुठे तुटली तर?' बायकोनं विचारलं.

तो प्रामाणिक माणूस होता. 'मग गाडीला करंट येईल, वहिनी.'

म्हणजे आत्याबाईंना फसवता येतं तर! चार्जर फक्त एवढंच बघतो की तिसऱ्या वायरीच्या टोकाला काहीतरी शून्यासारखं आहे. ते जमिनीतून आलंय की न्यूट्रलच्या वायरीला लुबाडून आणलंय, हे त्याला कळायला मार्ग नाही. एक इंचाचा तांब्याचा तुकडा, दोन मिनिटांचं काम, आणि मग जोवर न्यूट्रल तुटत नाही तोवर सगळ्यांचं सुखात चाललेलं. तुटली की मात्र पूर्ण दोनशे तीस व्होल्ट गाडीच्या सांगाड्यावर, आणि पार्किंगमध्ये पावसाचं पाणी साचलेलं. बायकोनं त्याला चहा दिला आणि तुकडा मारू दिला नाही. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, एवढ्यावर नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याला रोज भेटत नसावं.

खड्डा शोधायचा म्हणजे सोसायटीची परवानगी आली, आणि परवानगी म्हणजे मीटिंग. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. 'एका गाडीसाठी सगळ्यांच्या मेन्टेनन्समधून खर्च का?' हा मुद्दा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मांडला आणि तो बिनतोड होता. काका निवृत्त हिशेबनीस, त्यांचे मुद्दे बिनतोडच असतात. सेक्रेटरी माना डोलवू लागले. विषय मिटणार, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, 'अर्थिंग नसलं की झिणझिण्या येतात का हो?'

मी हो म्हणालो.

'मग आमच्या फ्रिजला पहिल्यापासून नाही.'

आणि जे सुरू झालं ते आवरेना. एकीच्या वॉशिंग मशीनमधून ओले कपडे काढताना चावतं, म्हणून ती आधी बटण बंद करते, मग पिन काढते, मग झाकण उघडते. एकाच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की केस उभे राहतात. त्याला वाटे की चांगल्या लॅपटॉपचं ते लक्षण असावं. एका घरी गिझरचा नळ फक्त कोरड्या हातानं उघडायचा नियम आहे आणि तो नव्या सुनेला आल्या दिवशीच सांगितला गेला. आजींच्या फ्रिजपाशी तर रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवलेला असतो. दूध काढायचं तर चपला घालायच्या, दार उघडायचं, दूध घ्यायचं, चपला काढून जागेवर ठेवायच्या. नातवंडांनाही ते इतकं अंगवळणी पडलंय की दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर ती फ्रिजपाशी चपला शोधतात. घराघरानं आपापल्यापुरता एक तोडगा काढलेला होता आणि तो शेजाऱ्याला सांगण्याजोगा कुणालाच वाटला नव्हता. तक्रार अशी कुणी केलीच नाही. वीज आहे म्हटल्यावर थोडं चावणारच, असं मानून आख्खी इमारत नांदत होती. नाही म्हणायचं धाडस एका स्कूटरनं केलं, तेही तिला तसं बनवलं होतं म्हणून.

काकांनी खर्चाचा मुद्दा मागे घेतला नाही, पण तो पुन्हा मांडलाही नाही. ठराव मंजूर झाला.

खड्डा कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. नकाशात तो नव्हता; पंपरूमच्या मागे असावा असं एक, आणि गेटजवळ असं दुसरं मत पडलं. शेवटी आठवलं ते आजींनाच. त्यांचे यजमान उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पारिजातकाच्या बाजूला कुठल्याशा पाइपात बादलीभर पाणी ओतत, आणि त्या, झाडाला घाला की हो, म्हणून ओरडत. तोच तो पाइप. जुन्या पद्धतीचं अर्थिंग असंच असे. पुरुषभर खोल खड्डा, त्यात पाइप किंवा तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून वीज सहज जाऊ देतं आणि त्याचबरोबर पाइपही खात राहतं. ओल गेली की अर्थिंग गेलं. म्हणून वरून पाणी. पुण्याच्या मुरमात तर पाणी टिकतच नाही आणि मुरमाखाली लगेच काळा पाषाण लागतो. आमच्याकडे यजमान गेले, पाणी थांबलं, मग पार्किंग छान दिसावं म्हणून सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले आणि पावसाचं पाणीही बाहेरच्या बाहेर गटारात जाऊ लागलं. पारिजातक मात्र जगला, कारण त्याला पाणी घालायला आजी होत्या.

ब्लॉक उचकटून खणल्यावर पाइपाचं बोटभर टोक निघालं, बाकी लाल माती. कोळशाचे तुकडे तेवढे होते तसे होते. नवं अर्थिंग जुन्या कोळसा-मिठाचं की बाजारातलं केमिकलचं, यावर पुन्हा एक छोटी सभा भरली. केमिकलचं ठरलं, कारण त्याला गॅरंटी कार्ड मिळतं आणि सेक्रेटरींना फायलीला लावायला काहीतरी लागतं. नवी पट्टी मीटर रूमपर्यंत आली, तिथून प्रत्येक मजल्यावर हिरव्या वायरी गेल्या. टेस्ट लॅम्प तिसऱ्या भोकातही लख्ख पेटला तेव्हा इलेक्ट्रिशियननं एक पाऊल मागे सरकून तो सगळ्यांना दिसेल असा धरला. स्कूटरला हिरवा दिवा मिळाला. आजींच्या फ्रिजच्या झिणझिण्या गेल्या. चपला तिथेच आहेत, कारण सवय.

यानंतर आठवडाही गेला नसेल, सकाळी सहाच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरची लाइट जाऊ लागली. रोज. काकांनी घराचं नूतनीकरण करताना चांगल्यातली आरसीसीबी बसवून घेतली होती. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की ती वीज तोडते. इतकी वर्षं ती एकदाही पडली नव्हती आणि त्याचा काकांना अभिमान होता. न पडायला कारण होतं. त्यांच्या गिझरचं एलिमेंट केव्हाचं फुटलेलं. पण अर्थिंगच नसल्यामुळे गळलेल्या विजेला जायला वाट नव्हती, ती गिझरच्या पत्र्यावर मुक्कामाला होती. आता वाट मिळाली, वीज जमिनीत पळाली आणि आरसीसीबी नेमून दिलेलं काम पहिल्यांदाच करू लागली. इलेक्ट्रिशियननं हे त्यांना बल्ब लावून, एलिमेंट बाहेर काढून, भेग दाखवून समजावलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी सोसायटीच्या तक्रारवहीत त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद होती: 'अर्थिंग केल्यापासून आमच्या सदनिकेत रोज वीज जाते. तरी पूर्ववत करण्यात यावे. गिझरच्या एलिमेंटचा खर्च सोबत जोडला आहे.'